न उघडलेली पाकिटं

सकाळी दहाच्या सुमारास चष्मेवाल्यांच्या बायकोने दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि आलेल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, मालकांना बरं नाही, चष्मा परवा मिळेल. परवाही मिळणार नाही हे तिला ठाऊक होतं. वरच्या खोलीत मालक सहा दिवस अंथरुणाला खिळून होते. एक बाजू लुळी पडली होती, बोलणं जड झालं होतं, पण भान शाबूत होतं. काल डॉक्टर जिन्यात थांबून हलक्या आवाजात म्हणाले होते, "जे काही विचारायचं असेल ते विचारून घ्या."

काय विचारायचं ते तिला आज कळलं. लेक औषधाची जुनी चिठ्ठी शोधायला भिंगांच्या कपाटाचा तळचा खण उपसत होती. खणात अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली अकरा पाकिटं निघाली. सगळी वकीलबाईंची, सगळी बंद.

"आई, ही इथे कुणी ठेवली?"

"मी," ती म्हणाली.

दर वर्षी येणाऱ्या त्या पाकिटावर 'मृत्युपत्राच्या फेरतपासणीबाबत' असं ठसठशीत छापलेलं असे. जित्याजागत्या माणसाच्या घरात असला शब्द न्यायचा नाही, हे तिला सासूने शिकवलं होतं, सासूला तिच्या सासूने. त्या घरातच काय, सगळ्या गल्लीत मरणाचा कागद म्हणजे मरणाला धाडलेलं आवतण. नवरा अधूनमधून विचारायचा, "वकीलबाईंचं काही आलं का गं?" आणि ही भाजी निवडता निवडता म्हणायची, "नाही हो." बाई अडाणी म्हणावी तर तसंही नाही. गल्लीतल्या निम्म्या डोळ्यांचे नंबर तिनेच काढले होते. पण या एका बाबतीत तिने अक्कल गहाण ठेवली होती.

लेकीने फोन केला आणि वकीलबाई तासाभरात आल्या. काउंटरपाशी उभ्या राहूनच त्यांनी सगळं समजावलं. पंचवीस वर्षांपूर्वी मिळकत बायकोला गेली तर जबर कर बसायचा, धंद्यातल्या भागीदार भावाला गेली तर माफ. म्हणून दुकान आणि वरचं घर धाकट्या भावाच्या नावे लिहिलं. वहिनी शेवटपर्यंत इथेच राहील, असा त्याने तोंडी शब्द दिला. तेव्हा ते शहाणपणाचं होतं. पुढे तो कर रद्द झाला. मग नवा कायदा आला आणि मिळकतीच्या बाबतीत तोंडी शब्दाला किंमत उरली नाही. भाऊ भागीदारी सोडून दुसऱ्या गावी गेला. कागद मात्र होता तसाच राहिला.

"एक पान बदलायचं होतं हो," वकीलबाई म्हणाल्या. "अजूनही बदलेल. पण घराबाहेरचे दोन साक्षीदार हवेत, दोघं एकाच वेळी त्यांच्यासमोर. कागद मी केला, म्हणून मी चालत नाही. लेक तर नाहीच."

ती वर गेली. नवऱ्याच्या कानाशी वाकून तिने विचारलं. तो बराच वेळ तोंड हलवत राहिला. "तुझं... नाव... घाल," एवढं कसंबसं बोलला. पाकिटांचं तिने सांगितलं नाही. तेवढा धीर तिला झाला नाही.

शेजारचे मास्तर लगेच जिना चढले. दुसरा साक्षीदार शोधायला ती समोरच्या घड्याळवाल्यांकडे गेली. तीस वर्षांचा शेजार, रोजचा सकाळचा चहा एकत्र.

"वहिनी, दुसरं काहीही सांगा," घड्याळवाले म्हणाले. "रात्र रात्र उशाशी बसतो. पण माणूस जिवंत असताना त्याच्या मरणावर सही करायची? माझा हात धजायचा नाही."

"ते स्वतः सांगताहेत, भावजी."

"त्यांना बरं वाटेल. मग बघू."

औषधाच्या दुकानवाल्याला कोर्टकचेरीची धास्ती. शिंप्याची बायको म्हणाली, ते बाहेर गेलेत, आणि आत शिलाई मशीन चालू होतं. दारोदार फिरताना पदर सावरायचं भान तिला उरलं नव्हतं. माणसं दार उघडत होती, हळहळत होती आणि दार लावत होती. शेवटी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने काही न विचारता इस्त्री उभी केली, हात पुसले आणि तो तिच्या पुढे चालू लागला.

ते वर पोचले तेव्हा लेक बाबांना हाका मारत होती. डोळे अर्धवट उघडे होते, पण ओळख नव्हती. वकीलबाईंनी त्यांना त्यांचं स्वतःचं नाव विचारलं, दोनदा विचारलं. उत्तर नाही.

तिने नवऱ्याचा हात उचलला, बोटांत पेन बसवलं आणि त्यावर आपली मूठ आवळली. "मी करवून घेते सही. त्यांच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे."

"मलाही माहीत आहे," वकीलबाई म्हणाल्या. "पण ती सही तुमची होईल, त्यांची नाही."

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. कुणी काही बोललं नसतं. तिने क्षणभर सगळ्यांकडे पाहिलं आणि मूठ सोडली. दुपारी तीनला मालक गेले.

दीर आला. धाय मोकलून रडला, आणि ते रडणं खरं होतं. महिन्याने तो परत आला. आता त्याच्या मुलाला इथे दुकान थाटायचं होतं.

"भाऊजी, तुम्ही शब्द दिला होता."

"दादांना दिला होता, वहिनी. कायदाच आता शब्द मानत नाही, तर मी काय करू? सोय होईपर्यंत राहा की."

ज्या घरात लेक जन्मली, तिथे ती आता सोय होईपर्यंत होती. रडून रडून डोळे कोरडे पडले होते. नवऱ्याचा, दिराचा, शेजाऱ्यांचा राग येऊन गेला, आणि मग उरला तो फक्त स्वतःचा.

सामान बांधून झालं त्या सकाळी ती घड्याळवाल्यांकडे गेली. ते धडधाकट, चहा पीत बसलेले. बायको भांडी विसळत होती. ही उभीच राहिली.

"भावजी, तुमचा कागद कुठल्या सालचा?"

घड्याळवाल्यांनी कप खाली ठेवला. "वहिनी, आमच्या घरात असलं बोलत नाहीत."

"माझ्याही घरात नव्हते बोलत."

आतलं पाणी बंद झालं. घड्याळवाल्यांची बायको ओले हात पदराला पुसत बाहेर आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"सांगा की," ती म्हणाली. "कुठल्या सालचा आहे?"