पहाटेची बाटली

“हलू नका भाऊ, पडाल पाण्यात,” कुसाबाई म्हणाली.

होडी स्थिर उभी होती, पण कारभारीला बसवेना. सूर्य उगवायच्या आत बाटली भरायला हवी होती आणि तांबडं तर फुटू लागलं होतं.

नाशिकच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तो बावीस वर्षं नमुने आणत होता. या बंधाऱ्यावर यायचं म्हणजे दहाची एस.टी.; पोचेपर्यंत बारा. बाटली पाण्याखाली भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि जागेवरच दोन औषधं घालायची. तळाशी साका तपकिरी बसला की पाण्यात प्राणवायू आहे, पांढरा बसला की नाही. त्याचा साका कायम तपकिरी. काम चोख; कर नाही त्याला डर कशाला?

गेल्या साली बंधाऱ्यातले मासे मेले, तेव्हाही तपकिरीच. पाणी चांगलं, मग मासे मेले कसे? कुणीतरी विष कालवलं! मच्छीमार संस्थेने संशयावरून कुसाबाईच्या पुंजाला काढून टाकलं. पोरगा आता सिन्नरच्या कारखान्यात पोती वाहतो. यंदा पुन्हा मासे मेले, तशी ती थेट प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

“मासा मरतो पहाटं, तुम्ही येता बारा वाजता. मयत उचलल्यावर नाडी बघता व्हय?”

हे त्याला फार लागलं. साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, “सांडपाणी, मळ्यातलं खत, त्यावर शेवाळ माजतं. ते दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं, रात्री तोच ओढून घेतं. कुजायला लागलं की उरलासुरलाही जातो. समुद्राच्या कडेलाही असंच होतं, वाचलंय मी.”

वाचलं होतं, आणि सांगितलं विचारल्यावर! कारभारीला साहेबांचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त. मुक्कामी एस.टी. पकडून तो कालच इथे आला होता.

त्याने बाटली भरली, औषधं घातली आणि ती उलटीसुलटी करून उजेडाकडे धरली. तळाशी साका बसत गेला, दुधासारखा पांढरा.

“काय झालं भाऊ?”

“पाण्यात हवाच नाही, मावशी. मासे गुदमरून मेले. विषबिष काही नाही.”

“गेल्या साली पन?”

“तेव्हाही हेच असणार.”

वल्हं तिच्या हातात तसंच राहिलं. “आन् माझा पुंजा?”

कारभारीने बाटलीच्या चिठ्ठीवर तारीख लिहिली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच खाली वेळही लिहिली, पहाटे साडेपाच. “हे आजच साहेबांना देतो,” तो म्हणाला. तिने वल्हं मारलं.

होडी काठाला लागली. उतरताना त्याचा तोल जाऊ नये म्हणून तिने हात पुढे केला. कारभारीला तो धरवेना.