पहिले अक्षर

सकाळचे ऊन त्या खोलीत सरळ येत नसे. आधी ते समोरच्या इमारतीच्या काचांवर पडे आणि तिथून उलटे फिरून, जरासे फिके होऊन कचेरीच्या खिडकीतून आत उतरे. एखादा पाहुणा भलत्याच दारी चौकशी करून मग आपल्याकडे यावा, तसे. प्रथम छताची एक कड उजळे, मग भिंतीवरचे घड्याळ, मग रिकाम्या खुर्च्यांच्या पाठी. टेबलांपर्यंत पोचेतो त्याचा ताप निवलेला असे. कीबोर्डावरच्या धुळीचा कण न् कण दाखवण्यापुरतेच बळ त्यात उरे. भिंगला हे उसने ऊन आवडे. बाकीचे येण्याआधी तो त्यात दोन्ही हात ठेवून बसे.

त्या सकाळीही तो तसाच बसला असताना पडद्याच्या कोपऱ्यात घरून अण्णांचा निरोप उमटला. वडिलांच्या सवयीप्रमाणे आधी इंग्रजीत तारीख, मग मराठीत मजकूर : ‘आई आली. तुझ्या आवडीची भाजी आणलीय. लवकर ये.’

आई गेल्या हिवाळ्यात वारली होती.

भिंगने डोळे मिटले, उघडले. निरोप होता तिथेच होता. मन पळवाट शोधू लागले, आणि ती त्याला स्वतःच्याच टेबलावर सापडली. अण्णा ज्या संगणकप्रणालीवर लिहीत, तिचा मराठी कीबोर्ड तपासणे हीच त्याची नोकरी होती. बारीकशी चूकही त्याच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून तर सगळे त्याला भिंग म्हणत. उच्चाराप्रमाणे इंग्रजी कळा दाबायच्या, की मराठी अक्षरे उमटतात. ‘ताई’ लिहायला आधी टी दाबावा लागतो. तो टीच गिळला गेला तर? उरते ते ‘आई’.

थोरली बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत असे, अधूनमधून अण्णांकडे डोकावून जाई. आली असेल. तिनेच आणली असेल भाजी.

“बग आहे,” तो उभा राहून म्हणाला. एव्हाना खोली भरली होती.

“काय म्हणालास?” प्रमुख बाईंनी मान वर केली. “भिंग, तुझ्या बोलण्यातलं पहिलं अक्षर नेहमी घशातच राहतं बाबा. जरा मोठ्यानं!”

सगळे हसले. तो कानापर्यंत लाल झाला.

“कीबोर्डात. भाषा बदलली, की पहिली कळ हरवते.”

“मग हरवून दाखव. ऐकीव भुताला आम्ही पकडत नाही.”

त्या भुताच्या मागे तो हात धुऊन लागला. तहानभूक विसरून भाषा बदलायची, कळ दाबायची, पुन्हा बदलायची. ताईला एक फोन केला असता, तर काय ते तेव्हाच कळले असते. पण कामातून सवड कुठे आहे, असे तो स्वतःला बजावत राहिला.

आणि बग सापडला. खरोखरच होता! भाषा बदलल्याबरोबर, पापणी लवायच्या आत पुढची कळ दाबली, तर ती कुठेच पोचत नसे. बाईंनी स्वतः करून पाहिले. त्यांनी ‘चालेल’ लिहिले. पडद्यावर ‘हालेल’ उमटले.

“अगं बाई! हालेल म्हणे!” त्या खो खो हसल्या. मग एकदम थांबल्या. “पण काय रे, इतकं सुसाट टाइप करतं कोण? तुझे वडील?”

“प्रेसमध्ये होते ते,” भिंग म्हणाला, आणि त्याने नजर खाली वळवली.

दुरुस्ती झाली. चारचौघांत शाबासकी मिळाली. ती त्याने मान खाली घालूनच घेतली. सुट्टीच्या दुपारी त्याने घरच्या संगणकावर नवी आवृत्ती चढवली आणि अण्णांना खुर्चीत बसवले.

“अण्णा, काहीतरी लिहून बघा. आता अक्षर हरवायचं नाही.”

“माझं कधी हरवलं होतं?” अण्णांनी चष्मा पुसला. “उभा जन्म दुसऱ्यांची हरवलेली अक्षरं शोधण्यात गेला माझा!”

त्यांनी तारीख लिहिली. भाषा बदलली. मग तर्जनी कीबोर्डावर अधांतरी थांबली आणि अंगणात दाणा शोधणाऱ्या चिमणीसारखी इकडेतिकडे फिरू लागली. भिंगचे डोळे टीवर खिळले होते. बोट टीकडे गेलेच नाही. ते ‘ए’वर टेकले. पुन्हा ‘ए’. मग सावकाश ‘आय’.

‘आई झोपलीय. आवाज करू नकोस.’

अक्षर न् अक्षर जागच्या जागी होते. एक कानासुद्धा इकडचा तिकडे झाला नव्हता.

भिंगने ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

“अण्णा… ताई म्हणायचंय ना तुम्हाला?”

“ताईचं काय मध्येच? ती तिच्या घरी.” अण्णांनी आवाज आणखी खाली आणला. “आणि हळू बोल की रे, घशाला काय भोंगा बसवलायस? रात्रभर खोकत होती बिचारी. आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा.”

ते उठले, आतल्या खोलीपाशी गेले, आणि कडी वाजू न देता दार अलगद ओढून घेतले.

भिंग पडद्यासमोर उभाच राहिला. अण्णा प्रेसमध्ये होते खरे, पण मुद्रिते तपासायला. टाइप ते पहिल्यापासून एकाच बोटाने, कळ शोधत शोधत करत आले होते. तो बग फक्त घाईतल्या माणसांची अक्षरे गिळत असे. अण्णांचे एकही अक्षर त्याने कधी गिळले नव्हते. आणि भिंगला हे बग सापडला त्याच दिवशी कळले होते.