डाव्या हाताचा नमस्कार

"खाली राहा. आणखी खाली. खांदा लावा, आणि पाय थांबवू नका."

हा आवाज सार्जंटचा. तो कधीच आपल्या देशी परत गेला, पण माझ्या लाकडात त्याचा आवाज मुरून बसला आहे. मित्रांनो, मी एक जुना ढकलगाडा आहे. मला चाकं नाहीत, बैल नाहीत, आणि माझ्यात बसून आजवर कुणी कुठे गेलेलं नाही. खाली जमिनीवर घसरणाऱ्या दोन जाड लाकडी धावा, त्यांवर उभी चौकट, आणि चौकटीला घोड्याच्या केसांनी भरलेली कॅनव्हासची गादी. त्या गादीवर खांदा आपटायचा आणि मला मैदानभर ढकलत न्यायचं, एवढ्याचसाठी माझा जन्म.

माझा जन्म जर्मनीतला. दुसरं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती, तरी श्टुटगार्टच्या आसपास अमेरिकन फौजेच्या छावण्या होत्या. तिथले शिपाई त्यांच्याकडचा फुटबॉल खेळत. ज्याने मला घडवलं तो म्हातारा सुतार जवळच्याच खेड्यातला. त्याने हा खेळ कधी पाहिला नव्हता.

"यात बसणार कोण?" त्याने विचारलं.

"कुणी नाही. याला ढकलायचं," सार्जंट म्हणाला.

"कुठपर्यंत?"

"मैदानाच्या टोकापर्यंत. मग परत इथंच."

"या, या," सुतार म्हणाला. जर्मन भाषेत 'या' म्हणजे 'हो'. पण त्याच्या 'हो'मध्ये विश्वास नव्हता. तरीही त्याने लाकूड चांगलं वापरलं. देव त्याचं भलं करो.

पुढे मला रोज धक्के खायची सवय झाली. सवय कसली, नेमच तो. कुणी सकाळी उठून स्तोत्र म्हणतं, कुणी सूर्याला अर्घ्य देतं, मी धक्के खात असे. ऊन असो, बर्फ असो, नेम चुकला नाही. सामना जिंकला की सार्जंट माझी गादी थोपटायचा, 'हा आमचा बारावा गडी,' असं म्हणायचा. आज मी शेडमध्ये आहे. माझ्या धावांवर फाटक्या जाळ्या टाकून ठेवल्या आहेत, आणि गादीत उंदरांनी बिऱ्हाड केलं आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला सांगायचं आहे ते एका शरद ऋतूतलं. तेव्हाची काळजी अजून माझ्या चौकटीतून गेलेली नाही.

त्या वर्षी छावणीत डेल नावाचा शिपाई होता. शिपाई झाला तो सक्तीच्या भरतीमुळे. त्याआधी तो अमेरिकेत एका नामांकित क्लबाचा व्यावसायिक खेळाडू होता, बचावफळीतला. मित्रांनो, बचावफळीतल्या गड्याच्या हातात चेंडू क्वचितच येतो. चेंडू असतो समोरच्यांकडे, आणि त्याला राखायला पाच धिप्पाड माणसांची भिंत असते. ती भिंत फोडायची आणि चेंडूवाल्याला आडवा करायचा, हे त्याचं काम. लोक चेंडूकडे बघतात. भिंत फोडणाऱ्याकडे बघतो तो फक्त समोरचा माणूस. आणि मी.

डेलचा उजवा खांदा म्हणजे काय होता, हे मला विचारा. इतर जण धडकले की मी घसरायचो. तो धडकला की मी आधी शहारायचो आणि मग घसरायचो. सगळे यायच्या आधी, सकाळी, तो एकटाच माझ्यापाशी सराव करायचा.

मैदानाच्या कुंपणापलीकडे फ्राऊ हेगेले नावाच्या बाईंची बाग होती. त्यांच्या घरी वरच्या खोलीत एक मराठी जोडपं भाड्याने राहत होतं. भास्कर तिथल्या तंत्रविद्यापीठात संशोधन करायचा. त्याची बायको कुसुम रोज सकाळी देवासाठी फुलं तोडायला बागेत यायची. शेवंतीसारखी ती जर्मन फुलं तोडतानासुद्धा ती झाडाला आधी हात जोडायची. मी तेव्हाच ओळखलं, ही माझ्यासारखीच नेमाची आहे.

तिने डेलला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो धडक द्यायच्या पवित्र्यात होता. पाय मागे, पाठ आडवी, मान खाली, उजव्या हाताची बोटं जमिनीला टेकलेली. कुसुम परडी घेऊन थांबली आणि भास्करला म्हणाली, "अहो, बघा ना. देह केवढा, आणि वाकतो किती. पाय ठेवण्याआधी भूमीची क्षमा मागतो आहे."

भास्कर हसला. "अगं, क्षमा नाही मागत. धडकायची तयारी करतोय. आपल्या हुतुतूसारखंच आहे ते, फक्त दम घोकायचा नाही."

"असू दे. धडकण्याआधी नमस्कार तरी करतो ना? तुम्ही लॅबोरेटरीत जाताना करता का?"

भास्करने घड्याळाकडे पाहिलं. तो ट्राम पकडायला निघून गेला.

तेव्हापासून ती रोज कुंपणापाशी क्षणभर थांबायची. डेल हात टेकवायचा, ती मान लववायची. तोही मग हसून "मॉर्निंग, मॅम," म्हणू लागला.

आणि त्याच दिवसांत मला काळजी लागली. डेलचा धक्का बदलला होता. खांदा लागायचा, पण मागचा जोर अर्ध्यातच विझायचा. धडकल्यावर तो माझ्या गादीवर कपाळ टेकून उभा राहायचा, उजवा हात झटकायचा, बोटं उघडून मिटून बघायचा. कुणी आलं की लगेच सरळ व्हायचा. सार्जंटला कळलं नाही. कळणार कसं? सगळ्यांसमोर तो डावा खांदा लावायचा, आणि त्याचा डावा खांदाही इतरांच्या उजव्याहून भारी होता. कळत होतं ते फक्त मला, आणि मला तोंड नव्हतं.

एका सकाळी कुसुम नेहमीसारखी थांबली. डेल वाकला आणि त्याने डावा हात टेकवला. तिची मान लवता लवता तशीच राहिली.

"अहो, त्याने डावा हात टेकवला."

"टेकवला असेल," भास्कर म्हणाला.

"भूमीला कुणी डाव्या हाताने नमस्कार करतं का? इतके दिवस उजवा होता. त्याच्या उजव्याला काहीतरी झालंय."

"कुसुम, तो नमस्कार नाहीये."

"नसेल. पण हात तर हातच आहे ना?"

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून ती नैवेद्याच्या साखरेची वाटी घेऊनच आली. भास्करला तिने दुभाष्या म्हणून ओढत आणलं होतं. डेलने कुंपणावरून डावा हात पुढे केला. तिने वाटी मागे घेतली.

"प्रसाद उजव्या हाताने घ्यायचा असतो, म्हणावं."

भास्करने सांगितलं. डेल थोडा घुटमळला, मग उजवा हात पुढे केला. तिने तळव्यावर साखर घातली. त्याला मूठ मिटता येईना. बोटं अर्धवट वळून राहिली, आणि साखर फटींतून गवतावर सांडली.

मग डेल हळू आवाजात बोलायला लागला, आणि भास्कर तिला सांगत गेला. धडक बसली की मानेतून वीज उतरते, हात झोपतो. पूर्वी लगेच जागा व्हायचा, आता दुपार होते. शनिवारी शेवटचा सामना आहे. त्याच्या क्लबाचा माणूस खास त्याला बघायला येणार आहे. त्याची जागा क्लबाने राखून ठेवली आहे, पण तिच्यावर तरुण पोरांचा डोळा आहे. डॉक्टरांना कळलं तर ते त्याला उतरूच देणार नाहीत.

"आणि नाही कळलं तर?" कुसुमने विचारलं.

डेल गवताकडे बघत राहिला. "आमच्याकडे एक जण होता, माझ्याच जागेवर खेळायचा. त्यानेही लपवलं. आता त्याच्या शर्टाची बटणं त्याची बायको लावते." मग म्हणाला, "मॅम, कुणाला सांगू नका. प्लीज."

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "सांगायचं ते तुम्हीच सांगायचं."

माझी आशा तिथंच विझली. बोलू शकणारी एक व्यक्ती भेटली होती, आणि तिनेही शब्द देऊन टाकला.

जाताना ती भास्करला म्हणाली, "तो डॉक्टरांकडे जाईपर्यंत मी मीठ खाणार नाही."

"हे मी त्याला सांगायचं नाहीये ना?"

"छे. हे देवाच्या आणि माझ्या मधलं आहे."

"आणि स्वयंपाक एकत्रच होतो, म्हणून माझ्याही," भास्कर म्हणाला.

पण गोष्ट फ्राऊ हेगेलेंच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडलीच. शुक्रवारी सकाळी त्या कोबीचा गड्डा हातात घेऊन कुंपणाशी आल्या आणि डेलला समजावं म्हणून सावकाश, मोठ्याने जर्मनमध्ये म्हणाल्या, "फ्राऊ कुसुम कोबी शिजवते, मीठ नाही. बटाटा शिजवते, मीठ नाही. म्हणजे माझ्या घरात बिनमिठाचा बटाटा. तुमच्यामुळे."

डेलने मागोमाग आलेल्या भास्कर-कुसुमकडे पाहिलं, आणि भास्करला बिनमिठाच्या व्रताचं सांगावंच लागलं. "माझ्या हाताचा आणि मिठाचा काय संबंध?"

"काही संबंध नाही," भास्कर म्हणाला. "पण ती सोडणार नाही. मी तिचा नवरा आहे, मला माहीत आहे."

डेल हसला. मग त्याने कुसुमकडे पाहिलं आणि त्याचं हसू थांबलं. ती रागावलेली नव्हती, रडत नव्हती. नुसती उभी होती, आणि तिचा चेहरा उतरला होता.

"सामना झाला की जातो," तो म्हणाला.

भास्करने सांगितल्यावर ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, झाल्यावर जाल तेव्हा कुठल्या हाताने दार उघडाल?"

डेलने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. शेवटी डेल म्हणाला, "ठीक आहे. उतरण्याआधी. शब्द देतो."

ती वाकली आणि "बरं," एवढंच म्हणाली. मला मात्र भरवसा वाटेना. कारण ती गेल्यावर डेल माझ्यासमोर आला, आणि एकदाच, फक्त एकदाच, उजवा खांदा घेऊन पूर्ण ताकदीने धडकला. स्वतःला काहीतरी पटवून द्यायचं असावं त्याला. मी हललो नाही. तो गुडघ्यांवर कोसळला. या वेळी दोन्ही हात लोंबत होते. काही क्षण त्याला उठता येईना, हाक मारता येईना. मित्रांनो, लाकडालाही घाम फुटतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आमच्यासारख्या वस्तू फाटल्या की दिसतात. गादीतून केस बाहेर येतात, फळी करकरते, कुणीतरी सुई किंवा हातोडी घेऊन येतं. माणसाचं तसं नाही. तो आतून फाटतो आणि वरून 'मॉर्निंग' म्हणतो. म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे. तुमच्या जवळचा कुणी नेहमीपेक्षा वेगळा हात पुढे करू लागला, तर बघून गप्प बसू नका. विचारा. हसला तरी पुन्हा विचारा.

शनिवार उजाडला. मैदानावर पताका लागल्या, बँड आला, बाकांवर गर्दी झाली. क्लबाचा माणूस टोपी घालून पहिल्या रांगेत बसला होता. मला कडेला ओढून ठेवलं होतं. कुसुम बागेत आली नव्हती. वचन घेतल्यावर पहारा करायचा नसतो, असं तिला वाटलं असावं.

डेल खेळाच्या पूर्ण पोशाखात कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर आला. सार्जंटने त्याच्या पाठीवर थाप मारली. "तयार?"

"तयार," तो म्हणाला.

माझ्या अंगातले सगळे खिळे जणू एकदम सैल झाले. खेळाडू धावत मैदानाकडे निघाले. डेल त्यांच्यामागून दोन पावलं चालला, आणि माझ्यापाशी थांबला. माझ्या चौकटीच्या खालच्या फळीवर बसला. खिळ्यांच्या बुटांच्या नाड्या तो डाव्या हाताने सोडू लागला. गाठ निसटत होती, पण त्याने कुणाला मदत मागितली नाही. बूट काढून त्याने ते माझ्या गादीखाली नीट जोडीने ठेवले. मैदानात त्याच्या नावाचा पुकारा झाला. त्याने एकदा तिकडे पाहिलं.

मग तो उठला, आणि बाकांच्या मागून, कुंपणाच्या कडेने, मोज्यांनीच दवाखान्याच्या दिशेने चालू लागला.