डावीचा नंबर, उजवीची विश्रांती

बाबांनी उभं आयुष्य एका सिनेमागृहाच्या मशीनच्या खोलीत काढलं. तिथे दोन प्रोजेक्टर होते. एकावर रीळ चालायचं तेव्हा दुसरा थंड होत बसायचा, आणि रीळ संपत आलं की बाबा त्या दुसऱ्याला जागं करायचे. आई खाली तिकीट खिडकीत बसायची. तिचा आवाज असा खणखणीत, की वर मशीनच्या घरघरीतही ऐकू जायचा. बाबा म्हणतात, "आधी आवाज आवडला, तोंड नंतर बघितलं."

तोच आवाज आता जाणार होता. घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. जीव वाचेल, बोलणं राहणार नाही. आई म्हणाली, "चला, ह्यांच्या कानांना सुट्टी." मी तिच्यावर खेकसले. मला रडू यायला लागलं की मी खेकसते. उगाच नाही बाबा मला ठिणगी म्हणत.

ऑपरेशनच्या आधी आईचा आवाज भरून ठेवायचा असं ठरलं. भाषणं नकोत, घरात बोलते तसंच हवं, असा बाबांचा हट्ट. ऑफिसात माझं कामच कॉम्प्युटर सांभाळण्याचं, त्यामुळे मी दोन यूएसबी हार्ड डिस्क आणल्या, आईबाबांच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरला जोडल्या आणि त्या दोन्हींची, कॉम्प्युटरवाले 'रेड' म्हणतात तशी, जोडी बांधून दिली. बाबांना समजावलं, "आई जे बोलेल ते एकाच वेळी दोन्हींवर लिहिलं जाईल. एक बिघडली तरी दुसरीवर सगळं शाबूत."

"दोन्ही एकदम चालवायच्या?" बाबांना ते पटलेलं दिसेना.

"हो."

"मग दोघी एकदम दमल्या तर?"

"बाबा, डिस्क दमत नाहीत."

"हात लावून बघ की. तापलीये बिचारी."

मी काही हात लावला नाही. मला ऑफिसला उशीर होत होता आणि प्रोजेक्टरचं पुराण मी लहानपणापासून ऐकत आले होते. पुढचे काही आठवडे दोघं रोज माइक मांडून बसायचे. मी फोन केला की बाबा म्हणायचे, "झकास चाललंय. तू काळजी करू नकोस." मागून आई काहीतरी बोलायची आणि दोघं हसायचे.

ऑपरेशन नीट पार पडलं. आई गळ्याला पट्टी बांधून घरी आली. लिहून दाखवायला पाटी आणली होती, पण लिहिण्याचा तिला पहिल्यापासून कंटाळा. बोलवायचं झालं तर टाळी, बाकीच्याला खाणाखुणा. बाबा टाळी ऐकून धावत यायचे खरे, पण घर फार गप्प झालं होतं. जेवताना ते मधेच मान वर करायचे आणि परत खाली घालायचे. मला बघवत नव्हतं. म्हटलं, यांना ते रेकॉर्डिंग ऐकवू या.

रविवारी दुपारी मी दोन्ही डिस्क जोडल्या, तर जोडीत एकच दिसत होती. दुसरीला कॉम्प्युटरने बाहेर काढलं होतं.

"काय झालं गं?" बाबा मागे येऊन उभे राहिले.

"काही नाही. केबल हलली असेल, म्हणून एक मागे पडलीये. तिला परत जोडीत घेते. पहिलीवरचं सगळं हिच्यावर उतरेल."

"आणि हिच्यावर आत्ता आहे ते?"

"ते पुसलं जाईल. जुनंच आहे ना ते!"

बाबांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "अगं पण..."

"बाबा, मधे बोलू नका, माझी चूक होते."

मी आज्ञा टाइप केली. शेवटचं बटण दाबणार, तेवढ्यात मागे जोरात टाळी वाजली. मी वळेपर्यंत आई पलंगावरून उठून आली होती. तिने माझं मनगट असं पकडलं की बांगडी रुतली.

मग तिने डाव्या डिस्ककडे बोट दाखवलं आणि रीळ फिरावं तसा हात गोल फिरवला. उजवीकडे बोट दाखवलं, तळवा गालाखाली घेतला, डोळे मिटले. मग उलट. उजवी फिरतेय, डावी झोपलीये. परत उलट.

"बाबा?" मी म्हटलं.

बाबा फरशीकडे बघत होते. "रोज एकच जोडायचो. दुसरीला तेवढीच विश्रांती. तू ओरडशील म्हणून नाही सांगितलं."

म्हणजे कॉम्प्युटर बिचारा रोज जी असेल तिच्यावर मुकाट्याने लिहीत राहिला होता. निम्मी आई एकीवर, निम्मी दुसरीवर. ते बटण दाबलं असतं तर त्यातली निम्मी मी माझ्या हाताने कायमची पुसली असती.

"गेलं का गं निम्मं?" बाबांनी विचारलं.

"नाही, बाबा. काही गेलं नाही."

मी एक डिस्क काढली, दुसरी एकटीच उघडली आणि तिच्यावरचं सगळं माझ्या लॅपटॉपवर उतरवलं. मग पहिलीवरचं. या वेळी डिस्कला हात लावून बघितला. चांगलीच तापली होती.

सगळं नीट उतरलंय ना, म्हणून त्यातली एक फाइल लावली. खोलीत आई खणखणीत बोलायला लागली.

"अहो, आज डावीचा नंबर! काल उजवीला किती दमवलंत. आणि ठिणगीला कळू देऊ नका हं, डोकं खाईल आपलं."

मी आईकडे बघितलं. ती आवाज न होता हसत होती, खांदे गदगदत होते. मलाही हसू आलं, आणि या खेपेला मी न खेकसता रडले.

आवाज पुढे बोलतच होता. "बरं, ते राहू द्या. आधी दूध बघा, उतू जाईल."

बाबा झटकन उठले आणि स्वयंपाकघरात गेले. ओटा पुसून स्वच्छ होता, शेगडी बंद होती. मला दारातून त्यांची पाठ दिसत होती.

मग तिथूनच म्हणाले, "बघितलं गं. नाही गेलं उतू."

आईने टाळी वाजवली.