टेस्फायेंच्या शब्दकोशाची जबानी

मी एक जुना अम्हारिक-इंग्रजी शब्दकोश आहे. मित्रांनो, माझा जन्म आदिस अबाबातल्या एका छापखान्यात झाला. माझे मालक टेस्फाये तिथे कॉलेजात गणित शिकवत. तेव्हा विद्यार्थी मला रांगेने मागून नेत. पुढे मालकांच्या बॅगेतून मी सिडनीला, गिरावीन या उपनगरात आलो. इथे ते बस चालवतात आणि मी मायक्रोवेव्हवर असतो. ज्ञानासाठी आता मला कुणी उघडत नाही. संशय आला की उघडतात.

परवा चारुदत्तने उघडलं. हा समोरचा शेजारी, पुण्याचा इंजिनिअर, टपालपेटीवरसुद्धा बी.ई., एम.टेक. लिहिणारा. त्याची मुलगी उर्वी दर शनिवारी टेस्फायेंकडे गणित शिकते. निवडक हुशार मुलांनाच घेणाऱ्या सरकारी ‘सिलेक्टिव्ह’ शाळेची प्रवेशपरीक्षा तोंडावर आली आणि सर बस चालवतात हे त्याला त्याच आठवड्यात कळलं. त्यात सरांकडे येणारे पाहुणे त्यांना ‘मिहुर’ म्हणतात, असं उर्वीने सांगितलं. झालं! स्वारी थेट स्वयंपाकघरात.

लिपी येईना, म्हणून पान उर्वीने काढून दिलं. हिला ही अक्षरं कधी शिकवली, हा आणखी एक संशय.

“मिहुर म्हणजे विद्वान,” त्याने वाचलं. “कुठली युनिव्हर्सिटी, मेट? डिग्री कुठेय?”

“डिग्रीवाल्याला आम्ही ‘येतेमारे’ म्हणतो, शिकलेला. ते तर तुम्हीही आहात,” टेस्फाये म्हणाले. “मिहुर त्याच्या पुढचा. देशाचं काही बिघडलं की पेपरवाले विचारतात, आपले मिहुर गप्प का? पण स्वतःला कुणी मिहुर म्हणवून घेत नाही. लोक म्हणतात.”

“म्हणजे पुरावा नाहीच! उर्वी, ऊठ. सोमवारपासून कोचिंग.”

उर्वी उठली नाही. “बाबा, कोचिंगमध्ये चुकलं की नेक्स्ट! सर विचारतात, हाऊ डिड यू गेट इट राँग?”

चारुदत्तने तिची वही पंचनामा केल्यासारखी तपासली. प्रत्येक चुकलेल्या गणिताखाली तिने चूक कुठे झाली ते लिहिलं होतं. चौथ्या पानावर तो खुर्चीत बसला.

“हे सातवं दुसऱ्या रीतीने लवकर सुटेल,” तो म्हणाला.

टेस्फायेंनी पेन्सिल पुढे सरकवली. त्याने सोडवलं. उत्तर चुकलं.

“नो वरीज. कसे चुकलात, सांगा.”

इंजिनिअरसाहेब सांगू लागले. उर्वी मन लावून ऐकत होती.

मित्रांनो, माझी शिवण सुटत आली आहे. मला जपून हाताळा. आणि माणूस समोर बसलेला असताना त्याचा अर्थ माझ्यात शोधू नका. एवढ्यानेही माझं आयुष्य थोडं वाढेल.