बाईंची बारा कोडी

चालू असलेल्या वस्तूला हात लावण्याचं धाडस, हेच मानवी प्रगतीचं मूळ आहे. चाक, वाफेचं इंजिन, वीज, सगळं त्यातूनच आलं. बुधवारी सकाळी साडेदहा वाजता रेकॉर्डकीपरनी घरच्या चालू कॉम्प्युटरला हात लावला. त्यातून एक रिकामा करडा पडदा आला.

रेकॉर्डकीपर दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झाले होते. हुद्दा मात्र गल्लीने काढून घेतला नव्हता. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर मुलीने मागच्या सुट्टीत विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं होतं. ते उत्तम चालत होतं, आणि निवृत्त माणसाची खरी अडचण तीच असते. ‘नवशिक्यांसाठी’ अशा एका वेबपानावर त्यांनी वाचलं, की त्याच कॉम्प्युटरवर दुसरा डेस्कटॉप बसवता येतो. खिडक्या, मेन्यू, खालची पट्टी, सगळा थाट नवा. पायऱ्या चार होत्या. तिसरीनंतर पडद्यावर भराभर अक्षरं पळू लागली, त्या आनंदात चौथी वाचायची राहिली. मध्येच कॉम्प्युटरने एक प्रश्न विचारला. कचेरीतल्या सवयीने त्यांनी तो न वाचता मंजूर केला.

नवा डेस्कटॉप देखणा होता. पण त्यावर काहीच नव्हतं. पडद्याच्या मधोमध असायचं ते बाईंचं फोल्डरही नव्हतं.

बाई म्हणजे त्यांची बायको. तीस वर्षं शाळेत शिकवल्यामुळे सगळे त्यांना बाईच म्हणत, आणि आता नवराही म्हणायला लागला होता. गेलं वर्षभर त्या एका साप्ताहिकात शब्दकोडं देत होत्या. खाली बारीक अक्षरात त्यांचं नाव यायचं. संपादकांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, “एक आठवडा चुकला, की जागा दुसऱ्याला.” म्हणून बाईंनी पुढची बारा कोडी तयार करून त्या फोल्डरात ठेवली होती आणि दोन दिवस बहिणीकडे गेल्या होत्या. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत एक पाठवायचं होतं.

रेकॉर्डकीपर या प्रकाराला ‘चौकटींचा उद्योग’ म्हणत. ते आता त्यांना आठवलं, आणि आठवायला नको होतं.

कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पासवर्ड टाइप करताना ते पडद्याकडे बघत नसत; दोन बोटांनी एकेक बटण शोधावं लागे. पुन्हा तोच करडा पडदा. मग त्यांनी मुलीला फोन लावला.

“समज, एखाद्याने डेस्कटॉप बदलला...”

“बाबा, काय केलंत तुम्ही?”

“मी नाही गं. ओळखीचे एक गृहस्थ आहेत.”

“मी मीटिंगमध्ये आहे. रात्री बघते. तोपर्यंत त्या गृहस्थांना म्हणावं, कशालाही हात लावू नका.”

गृहस्थांनी तासाभरात तिसरा डेस्कटॉप बसवला. कचेरीत एखादी फाइल हरवली, की तिच्या शोधासाठी नवी फाइल उघडायची पद्धत होती. त्याहून वेगळा उपाय त्यांना ठाऊक नव्हता. आता मेन्यूत तीन कॅल्क्युलेटर आणि दोन कॅलेंडरं दिसू लागली. फोल्डर एकाही ठिकाणी नव्हतं. रात्री मुलीचा फोन आला तेव्हा गृहस्थ बरे आहेत, असं त्यांनी कळवलं.

गुरुवारी सकाळी त्यांनी कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला, आखीव कागद घेतला आणि स्वतः शब्दकोडं रचायला बसले. माणूस एकतीस वर्षं कागदांत राहिला म्हणून त्याला शब्द सुचतात असं नाही. पहिल्या तासात ‘जावक’ आणि ‘दप्तर’ एवढेच शब्द बसले. दुपारपर्यंत खोडरबर निम्मा झाला आणि चौकट कसर लागल्यासारखी दिसू लागली. तरी ते उठले नाहीत. जेवण गार झालं. बाई हे दर आठवड्याला करतात, आणि आपण शेजारच्या खुर्चीत बसून ‘चहा होतोय का’ विचारतो, हा विचार मधूनमधून येऊन जात होता. एकदा तर तो अर्धा तास बसूनच राहिला.

चारला बाई आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आत त्यांचं लक्ष टॉवेलकडे गेलं.

“त्याला ताप आलाय का?”

“अगं, तू आधी बस. पाणी घे.”

“म्हणजे गेला.”

“कॉम्प्युटर आहे. तुझी कोडी गेली. बाराही.” एवढं बोलून ते भिंतीकडे बघत राहिले. “मी डेस्कटॉप बदलला. कोणी सांगितलं नव्हतं. चांगला चालला होता, म्हणून बदलला.”

बाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. शाळेत त्यांनी असं बघितलं, की मागच्या बाकावरची मुलं आपणहून उभी राहायची. रेकॉर्डकीपर उभेच होते.

बाईंनी टॉवेल काढला, कॉम्प्युटर सुरू केला, दोघांच्या सामाईक नावावर टिचकी मारली. त्यांनी तरुणपणी टायपिंगची परीक्षा दिलेली; पासवर्ड टाइप करताना नजर पडद्यावरच होती. खालच्या कोपऱ्यात एक दातेरी चाक उगवलं.

“हे काय आहे?”

“नक्षी असेल.”

बाईंनी चाक दाबलं. तिन्ही डेस्कटॉपांच्या नावांची यादी आली. सगळ्यात जुनं निवडलं. जुना पडदा उघडला. मधोमध फोल्डर, आत बारा कोडी.

“तो नवा डेस्कटॉप वस्तू बाहेर मांडून ठेवत नसेल,” बाई म्हणाल्या. “तुम्ही आतल्या फाइलींच्या कपाटात, ‘फाइल्स’मध्ये, बघितलंत का?”

एकतीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळलेल्या माणसाला हा प्रश्न विचारण्यात आला, आणि त्याने ‘नाही’ असं उत्तर दिलं. मग तो खुर्चीत बसला आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

तेवढ्यात बाईंना तो कागद सापडला. त्या वाचू लागल्या. “उभे दोन. चालू वस्तूला हात लावल्याने होणारे, चार अक्षरी. नुकसान. बरं.” पुढे बोट सरकलं. “आडवे पाच. दोन दिवस नसली तरी घराची कचेरी होते अशी व्यक्ती, तीन अक्षरी.” त्या थांबल्या.

“ते खोडतो,” रेकॉर्डकीपर म्हणाले.

“राहू दे. शोधसूत्र लांब आहे, तेवढं कमी करा. आणि उभ्या सातला उत्तरच नाहीये.”

“मला वाटलं, कोणाला तरी सुचेल.”

संध्याकाळभर दोघं एका टेबलाशी बसले. चहा रेकॉर्डकीपरनी केला. शुक्रवारी साडेअकराला बाईंनी कोडं पाठवलं, आपल्या बारांतलं नाही, त्यांचं. आणि खाली बारीक अक्षरात दोघांची नावं घातली.

रविवारच्या अंकात शब्दकोड्याच्या जागी गाद्यांच्या दुकानाची जाहिरात होती. कोडं वेळेत पोचलं होतं; जाहिरातीचे पैसे त्याच्या आधी पोचले होते.