तळ्यात पुरलेली नाव

ग्वांगचौ शहराने लेउंग लोकांचं गाव चारी बाजूंनी गिळलं होतं. आधी भातखाचरं गेली, मग लिचीच्या बागा, मग बागांच्या जागी आलेले कारखानेही. उरलं एक तळं आणि तळाच्या चिखलात पुरलेली शर्यतीची लांबलचक नाव. उन्हात लाकूड तडकतं, म्हणून ती वर्षभर चिखलातच ठेवत आणि पाचव्या महिन्यात शर्यतीसाठी उकरत.

यंदा तिसऱ्याच महिन्यात पोकलेन आलं. तळ्यात राडारोडा पडू लागला.

नाव काढायला पुरुष उतरले, तसे तळं बुजवणाऱ्या बिल्डरचे हेल्मेटवाले दांडके घेऊन मागोमाग उतरले. फुंग-यीच्या देखत तिच्या नवऱ्याचं मनगट मोडलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. एकेकाला फरफटत नेऊन ट्रकमध्ये कोंबलं. उरला तिचा सासरा, गाम-बो. कमरेइतक्या चिखलात तो एकटाच फावडं मारत होता. नावेचं नाक उघडं पडलं होतं आणि राडारोडा तिच्याकडे सरकत होता. बायका काठावरच उभ्या. नावेला बाईने शिवायचं नाही, हा पूर्वापार दंडक.

फुंग-यी उतरली.

"वर हो!" म्हातारा गरजला. "बाईचा हात लागला की नाव बुडते!"

"मग आत्ता काय तरंगतेय, मामंजी?"

त्याने फावड्याची पाठ तिच्या खांद्यावर हाणली. ती गुडघ्यांवर कोसळली. दुसऱ्यांदा फावडं उचललं, तोच मागून आलेल्या हेल्मेटवाल्याने त्याच्या जबड्यावर दांडकं घातलं. फावडं सुटलं. फुंग-यीने ते उचललं आणि हेल्मेटखालच्या उघड्या तोंडावर आडवं मारलं. दात चिखलात पडले. तो पडल्यावरही ती मारत राहिली.

"बघताय काय गं भवान्यांनो? या की खाली!"

बायका घमेली, पातेली घेऊन उतरल्या. वरून हेल्मेटवाले विटा फेकत होते. एकीचं कपाळ फुटलं. एका हाताने ते दाबून ती दुसऱ्या हाताने चिखल उपसत राहिली. नाव हलली, चिखलातून सुटून वर आली. बायकांनी ती नदीकडे जाणाऱ्या पाण्याच्या चरात ढकलली.

"मी नाही बसणार," गाम-बो रक्त थुंकत म्हणाला. "बाटली ती."

फुंग-यीने त्याची कॉलर धरली आणि पोतं टाकावं तसं त्याला आत टाकलं.

बायकांनी फळ्या, फावडी, हाती येईल ते पाण्यात मारलं. नाव जागीच हिंदकळली. एक वीट नावेचा काठ फोडून गेली.

"एकदम ओढा, मूर्ख बायांनो!" म्हातारा नावेच्या तळातून तुटक्या जबड्याने किंचाळला. "एक! अगं, एक म्हणजे सगळ्यांनी!"

पुढची वीट नावेच्या मागे, पाण्यात पडली.